कारागिराचा वेळ, त्याचा दाम आणि फुकटचा सल्ला



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या प्रकारच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, अर्थकारण अशा भारदस्त विषयांची परंपरा आहे. त्या मानाने दुरुस्तीच्या दुकानात द्यावयाच्या पैशांचा विषय किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु आपण ज्या गावात बसलो आहोत ते गाव मोठ्या प्रमाणावर हातांच्या कसबावर उभे राहिलेले आहे. दुसऱ्या महायुद्धातील कल्याणची लष्करी छावणी, फाळणीनंतर सिंधमधून आलेली निर्वासित कुटुंबे, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते बसलेली नव्या नगराची कोनशिला हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. बराकी गेल्या, इमारती आल्या, पण पत्ता सांगताना आजही आपण ‘कॅम्प २’ असेच म्हणतो. घरदार मागे टाकून आलेल्या माणसाजवळ भांडवल नसते. त्याच्याजवळ दोन हात असतात आणि दिवसाचे तास असतात. त्या तासांची किंमत काय, हा प्रश्न म्हणून आपल्या गावाला किरकोळ नाही.

शिवणयंत्र नीट करणारा, मोटारीचे वाइंडिंग करणारा, घड्याळवाला, मोबाइलवाला अशा कोणत्याही दुकानासमोर अर्धा तास उभे राहा. गिऱ्हाइकाच्या तोंडून तीन वाक्ये हटकून ऐकू येतील. पहिले, “नुसते बघायचे काय घेता?” दुसरे, “दहा मिनिटांचे तर काम, त्याला एवढे पैसे?” तिसरे, “उद्यापर्यंत पाहिजे हं!” कारागिराचीही तीन उत्तरे ठरलेली असतात: “बघून सांगतो”, “होऊन जाईल” आणि “उद्या या”. सल्ला, दाम आणि वेळ या तीन गोष्टींवरील सगळे भांडण या सहा वाक्यांत आले. माझा जन्म कामगार संघटनेच्या कामात गेला. वेळ आणि दाम यांचा झगडा कारखान्याच्या फाटकावर कसा चालतो हे मी पाहिले आहे. तोच झगडा दुकानाच्या फळीवर कसा चालतो, आणि तो दोन्ही बाजूंना शहाणपणाने कसा मिटवता येईल, एवढेच आज सांगायचे आहे.

बलुत्याची सवय

प्रथम हे पाहू की, कारागिराचा सल्ला फुकट असतो ही समजूत आली कोठून. गिऱ्हाईक लोभी असते म्हणून आली, असे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्र्यंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ हे पुस्तक १९१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात जुन्या गावाची व्यवस्था सविस्तर दिली आहे. सुतार, लोहार, चांभार, कुंभार हे गावाचे बलुतेदार. कुणब्याचा नांगर मोडला की तो सुताराकडे जाई, फाळ बोथटला की लोहाराकडे जाई. त्या वेळी पैसे देत नसत. सुगी झाली की खळ्यावर धान्याचा ठरावीक वाटा कारागिराला मिळे. म्हणजे प्रत्येक कामाला वेगळी किंमत नव्हती, वर्षभराच्या सेवेची मिळून एक किंमत होती. अशा व्यवस्थेत “जरा बघ रे, हे चाक का करकरते?” असे विचारणे फुकट नव्हते. त्याचे दाणे सुगीला दिलेले असत.

पुढे बलुते सुटले. कारागीर शहरात आला. त्याने गाळा भाड्याने घेतला, विजेचे बिल भरू लागला. पण गिऱ्हाइकाच्या मनातील खळे तसेच राहिले. बघण्याचे, विचारण्याचे, चार शब्द सांगण्याचे पैसे कसले, असे त्याला मनापासून वाटते. फरक इतकाच की, आता सुगीला धान्य घेऊन कोणी येत नाही.

जुनी पद्धत फार सुखाची होती असे मात्र कोणी समजू नये. ज्याच्या कामाला मोजमाप नाही, त्याच्या वेळेला धनी पुष्कळ होतात. महार वतनदाराला कोणीही, केव्हाही, कोणत्याही कामाला हाक मारावी अशी स्थिती होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनसुधारणेचे बिल मांडले, ते याच बेहिशेबीपणाविरुद्ध. मुंबईच्या गिरणीतही तेच होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागितले काय? आठवड्याची एक सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती आणि पगार वेळेवर. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडावा लागला. या सर्व लढ्यांचे सार एका वाक्यात सांगता येते: माणसाचा वेळ मोजला गेला पाहिजे. कामगाराच्या बाबतीत हे आपणांस पटते. मग कारागिराच्या बाबतीतच का पटू नये?

बंदूक दुरुस्त करणाऱ्याचे उदाहरण

आता एक असे दुकान घेऊ की, जेथे या प्रश्नाचे सर्व धागे स्पष्ट दिसतात. ते दुकान म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याचे. आपल्यापैकी बहुतेकांचा त्याच्याशी संबंध येत नाही. पण सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या मंडळींना तो चांगला ठाऊक असतो. भातशेती आणि बागायत रानडुकरांपासून राखण्यासाठी तेथील शेतकऱ्यांकडे पिढ्यान्‌पिढ्या शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या बंदुका आहेत. कोठे ठासणीची, कोठे बारा बोअरची. कोकणची हवा दमट, पाऊस चार महिने, तेव्हा लोखंडाला गंज हा ठरलेलाच. निवडणूक आली की अनेकांना बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. परत मिळते तेव्हा ती तेलपाण्यावाचून राहिलेली असते. मग शेतकरी ती घेऊन तालुक्याच्या गावी कारागिराकडे जातो आणि म्हणतो, “चाप ओढला तरी बार उडत नाही. एक कमान बदलून द्या. दहा मिनिटांचे काम आहे.”

या दहा मिनिटांत काय काय येते ते पाहा. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ प्रमाणे बंदूक विकण्याला परवाना लागतो, तसाच ती दुरुस्त करण्यालाही लागतो. म्हणून कारागिराने हत्याराला हात लावण्यापूर्वी गिऱ्हाइकाचा परवाना पाहायचा, त्यावरील क्रमांक बंदुकीवरील क्रमांकाशी ताडून पाहायचा, वहीत नोंद करायची. शेतकऱ्याने स्वतः न येता मुलाबरोबर बंदूक पाठवली असेल, तर परवानाधारकाचे लेखी अधिकारपत्र हवे, ते कलम ३ सांगते. ते पत्र नसेल तर मुलाला परत पाठवायचे आणि त्याचे चार शब्द ऐकून घ्यायचे. एवढे होईपर्यंत गिऱ्हाइकाची दहा मिनिटे संपलेली असतात, आणि कमानीचे अजून नावही निघालेले नसते.

पुढे बंदूक उघडून आत काडतूस नाही याची खात्री करायची. मग रोग शोधायचा. बार न उडण्याला कारणे अनेक. घोड्याची कमान मंदावली असेल. काडतुसाच्या बुडावर आपटणारी पिन झिजली असेल. पिनीच्या भोकात गंज आणि घट्ट झालेले तेल साचले असेल. कित्येकदा बंदूक ठणठणीत असते आणि काडतूसच सर्दावलेले असते. यांपैकी कोणते, हे बाहेरून दिसत नाही. पेच सोडवावे लागतात. पन्नास वर्षांचा गंजलेला पेच घाईने फिरवला तर त्याचे डोके उडते आणि दुसरे काम वाढते. पिन झिजली असे निघाले, तर त्या जुन्या बंदुकीची पिन बाजारात मिळत नाही. ती लेथवर वळवायची, पाणी देऊन कडक करायची, पुन्हा बेताने नरम करायची. फार कडक राहिली तर ती तुटते, फार नरम राहिली तर तिचे टोक चेपते. नंतर बसवायची आणि तपासायची. या सगळ्यातील लोखंडाची किंमत काही थोडे रुपये. बाकी सर्व किंमत वेळेची आणि जाणतेपणाची. पण बिल पाहताना गिऱ्हाईक तळहातावर पिन ठेवून विचारते, “एवढ्याशा खिळ्याला एवढे पैसे?”

येथे कारखान्यातील एक हिशेब उपयोगी पडतो. आपल्या शेजारच्या अंबरनाथमध्ये संरक्षण खात्याचे कारखाने आहेत, औद्योगिक वसाहतीत लहानमोठी वर्कशॉपे आहेत. तेथील टर्नरला विचारा. तो सांगेल की प्रत्येक कामाला दोन वेळा असतात. एक यंत्र आणि हत्यारे जुळवण्याची, म्हणजे सेटिंगची वेळ. दुसरी प्रत्यक्ष नग काढण्याची वेळ. समजा, सेटिंगला साठ मिनिटे आणि एका नगाला सहा मिनिटे लागतात. शंभर नग काढले तर एकूण सहाशे साठ मिनिटे, म्हणजे नगास साडेसहा मिनिटांहून किंचित अधिक. पण एकच नग काढला तर त्याला सहासष्ट मिनिटे पडतात. एकाच वस्तूची वेळ दसपट झाली. कारागिराने लबाडी केली नाही, गणिताने केली. दुरुस्ती करणाऱ्याचे दुर्दैव हे की, त्याचे प्रत्येक काम एका नगाचे असते. गिऱ्हाईक मात्र मनात त्याची तुलना कारखान्यातून लाखाने निघणाऱ्या मालाशी करते.

तासाचा हिशेब

दुकानदाराच्या तासाचा दर कसा पडतो, तेही एकदा कागदावर मांडून पाहू. आकडे केवळ समजुतीसाठी घेत आहे. समजा, गाळ्याचे भाडे, वीज, मदतनीस पोराचा पगार, हत्यारांची झीज आणि कारागिराच्या घरचा खर्च मिळून महिन्याला ४५,००० रुपये लागतात. महिन्याचे कामाचे दिवस २६, रोजचे तास ८, म्हणजे एकूण २०८ तास. भागाकार केला तर तासाला सुमारे २१६ रुपये येतात. गिऱ्हाईक म्हणेल, ठीक आहे, इतके घ्या.

पण हे २०८ तास सगळे कामाचे नसतात. सामान आणायला जायचे, हत्यारांना धार लावायची, हिशेब लिहायचा, झाडलोट करायची, यांत रोजचे दोन तास गेले, म्हणजे महिन्याचे ५२. आता “नुसते विचारायचे होते” असे म्हणत दिवसाला बारा माणसे आली आणि प्रत्येकाने दहा मिनिटे घेतली, तर रोजचे आणखी दोन तास, पुन्हा महिन्याचे ५२. उरले १०४. पोट भरायचे ते याच १०४ तासांवर. म्हणजे तासाचा खरा दर २१६ नव्हे, जवळजवळ ४३३ रुपये पडतो.

यातून एक गोष्ट निघते, ती नीट लक्षात घ्यावी. फुकटचा सल्ला फुकट नसतो. फक्त त्याचे पैसे दुसराच कोणी भरतो. जो विचारून निघून गेला त्याच्या दहा मिनिटांचे दाम, जो काम देऊन बसला आहे त्याच्या बिलात येते. आणि बिलात ते येऊ शकले नाही, कारण पुढच्या गल्लीतला स्वस्तात करतो, तर ते कोठून निघते? मदतनीस पोराच्या पगारातून निघते. संघटनेच्या कामात मी अनेक लहान दुकानांतील पोरांना भेटतो. मालक दुष्ट असतो असे नाही. पण त्याचे स्वतःचे तास जर कोणी मोजत नसेल, तर तो दुसऱ्याचे तास कसे मोजणार? आठ तासांचे दहा होतात, दहाचे बारा. पोरगा वर्षभरात कंटाळतो आणि घरपोच पार्सल पोहोचवण्याच्या नोकरीला लागतो. त्याला दोष देता येत नाही. पण दहा वर्षांनी वाइंडिंग करणारे हात गावात राहणार नाहीत, आणि तेव्हा आपण म्हणू की हल्ली चांगला मिस्त्री मिळत नाही.

हे व्याख्यान ऐकायला तिकीट नाही, मग दुकानातल्या सल्ल्याला का असावे, असे कोणी गमतीने विचारील. त्याला उत्तर असे की, मंडपाचे आणि दिव्यांचे पैसे वर्गणीदारांनी आधी दिलेले आहेत. दुकानातील दिव्याची वर्गणी कोणी गोळा करीत नाही.

सल्ल्याचे तीन प्रकार

मग शेजाऱ्याला दोन शब्द सांगण्याचेही पैसे घ्यावे काय? तसे झाले तर बाजारातील माणुसकी संपेल. माझे म्हणणे असे की सल्ल्याचे तीन प्रकार करावेत.

पहिला प्रकार शेजारधर्माचा. “यंत्राला कोणते तेल घालू?”, “हे काम तुम्ही करता की दुसरीकडे जाऊ?” एवढ्याचे उत्तर हसतमुखाने द्यावे. ते दुकानाच्या अब्रूचे भाडे आहे असे समजावे.

दुसरा प्रकार निदानाचा. ज्यात वस्तू उघडावी लागते, मोजावी लागते, चालवून पाहावी लागते, ते काम आहे. डॉक्टर औषध न देता नुसते तपासतो तेव्हा आपण त्याला तपासणीचे पैसे देतो. वकिलाला दावा लावण्यापूर्वीच्या सल्ल्याचेही देतो. ज्याचे हात तेलाने काळे होतात त्याला देताना मात्र आपला हात आखडतो. यात पैशाचा प्रश्न थोडा आणि प्रतिष्ठेचा अधिक आहे. हाताच्या कामात डोके लागत नाही, ही आपली जुनी समजूत त्याच्या मुळाशी आहे.

तिसरा प्रकार सर्वांत वाईट. कारागिराकडून रोग शोधून घ्यायचा, सुट्या भागाचे नाव-नंबर लिहून घ्यायचे, भाग दुसरीकडून स्वस्तात मागवायचा, आणि तो जुळला नाही की पुन्हा त्याच कारागिराकडे येऊन “जरा बसवून द्या” म्हणायचे. याला आपल्याकडे फार जुने नाव आहे: गरज सरो, वैद्य मरो.

फुकटच्या सल्ल्यात आणखी एक धोका असतो, तो सल्ला घेणाराचा. पुन्हा बंदुकीकडे वळतो. जुन्या विलायती बारा बोअर बंदुकींतील पुष्कळशांची काडतूस बसण्याची कोठी अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिलिमीटरची असते. हल्लीची काडतुसे बहुधा ७० मिलिमीटरची. गंमत अशी की, लांब काडतूस त्या आखूड कोठीत बिनबोभाट बसते, कारण त्याचे तोंड दुमडलेले असते. बार उडताना ते तोंड उलगडते, त्याला पुरेशी जागा मिळत नाही आणि आतील दाब वाढतो. जुनी, आतून गंजलेली नळी अशा वेळी फाटूही शकते. आता शेतकऱ्याने दुकानाच्या दारातून ओरडून विचारले, “बारा बोअरची आहे, हे काडतूस चालेल ना?” आणि कारागिराने बंदूक न पाहता “चालेल” म्हटले, तर? खरा कारागीर अशा वेळी म्हणतो, “बंदूक आणा, मोजून सांगतो.” गिऱ्हाइकाला वाटते हा पैशासाठी अडवतो आहे. वस्तुतः तो त्याचा हात आणि डोळा वाचवीत असतो. न पाहता दिलेले उत्तर हे उत्तर नव्हे, तो अंदाज असतो. घरातील गॅसची शेगडी, विजेची मोटार, मोटारसायकलचा ब्रेक यांनाही हाच न्याय लागू आहे.

कायद्यानेही हा भेद ओळखलेला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, आणि त्याच्या जागी आलेल्या २०१९ च्या कायद्यातही, ‘सेवा’ या शब्दाच्या व्याख्येतून मोफत दिलेली सेवा वगळली आहे. म्हणजे पैसे देऊन घेतलेले निदान चुकले तर ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. फळीवर फुकट मिळवलेला शब्द चुकला तर तेथील दार आपल्याला उघडत नाही. पैसे देणे म्हणजे समोरच्याला जबाबदारीत बांधणे होय. ज्याला जबाबदारी हवी, त्याने दाम द्यावे.

कारागिरांच्या पदरात

आतापर्यंत गिऱ्हाइकांना सांगितले. कारागिरांनाही चार शब्द सांगितले नाहीत, तर हे व्याख्यान एकतर्फी होईल. ‘सोनार, शिंपी, कुलकर्णी अप्पा, यांची संगत नको रे बाप्पा’ ही म्हण उगीच पडलेली नाही. धंदा कोणताही असो, जेथे हिशेब झाकलेला असतो तेथे संशय उगवतो.

पहिला दोष वायद्याचा. ज्या दुकानात चाळीस कामे पडली आहेत तेथे एकेचाळिसाव्या माणसाला “उद्या या” सांगणे हे खोटे बोलणे आहे. नकार दिला तर गिऱ्हाईक जाईल या भीतीने ते बोलले जाते. १८७२ चा करार कायदा कलम ४६ मध्ये सांगतो की, मुदत ठरली नसेल तर काम वाजवी वेळेत झाले पाहिजे, आणि वाजवी म्हणजे किती हे त्या त्या कामावरून ठरते. पण तारीख तुम्हीच दिलीत, तर ती तुम्हाला बांधते. त्यापेक्षा “आठ दिवस लागतील” असे सांगून सहाव्या दिवशी देणारा कारागीर जन्मभराचे गिऱ्हाईक मिळवतो.

दुसरा दोष तोंड पाहून भाव सांगण्याचा. मोटारीतून उतरला त्याला एक, सायकलवरून उतरला त्याला दुसरा. तिसरा दोष जुना भाग परत न देण्याचा. चौथा, पावती न देण्याचा. २०१९ च्या कायद्याप्रमाणे दिलेल्या सेवेचे बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. ज्याला आपल्या वेळेची किंमत हवी, त्याने ती चारचौघांत फळ्यावर लिहिण्याचे धैर्य दाखवले पाहिजे.

दोन्ही बाजूंना घड्याळ

या प्रश्नाची खरी नड मात्र वेगळीच आहे. आपल्या भागात शिवणकामावर हजारो घरे चालतात. समजा, नगामागे मजुरी घेणाऱ्या एका शिवणकाराचे यंत्र सकाळी बिघडले. टाका सुटतो, दोरा तुटतो. तो धावत मेकॅनिककडे येतो आणि “आत्ताच्या आत्ता” म्हणतो. तो उर्मट नसतो. यंत्र बंद तेवढा वेळ त्याची मजुरी बंद. मेकॅनिक म्हणतो, माझ्या हातातले काम अर्धवट टाकून येऊ कसा? तेही खरे. दोघेही वेळ विकून पोट भरणारे. दोघांच्याही पाठीमागे घड्याळ लागलेले. मालकाला दाखवायची चीड दोघे एकमेकांना दाखवतात.

मेकॅनिक येतो. सुई आणि हुक यांचा मेळ बिघडला आहे हे त्याला आवाजावरूनच कळते. तो पाच मिनिटांत पेच सैल करून हुक जागेवर आणतो. शिवणकाराला वाटते, पाच मिनिटांना एवढे पैसे? पण त्याने विकत घेतले काय? पाच मिनिटे नव्हेत, वाचलेला दिवस विकत घेतला. दुसरा नवखा आला असता तर तेच यंत्र संध्याकाळपर्यंत उघडून बसला असता आणि तासाप्रमाणे अधिक पैसे घेऊन गेला असता. जाणत्याच्या वेगाचा त्यालाच दंड बसावा, हा न्याय उफराटा आहे. तातडीच्या कामाला जादा दर असावा, पण तो आधी सांगितलेला असावा. आणि यंत्र मालकाचे असेल तर दुरुस्तीचा खर्च व बुडालेली मजुरी मालकाकडे मागावी. तो भार मेकॅनिकच्या दामात घासाघीस करून काढू नये.

काय करता येईल

उपाय फार मोठे नाहीत. प्रत्येक दुकानात एक फळा असावा आणि त्यावर चार ओळी असाव्यात: तपासणीचे शुल्क, आणि काम दिल्यास ते बिलातून वजा होईल हा शब्द, तासाचा दर, तातडीचा जादा दर, आणि तयार वस्तू किती दिवसांत न्यावी. दुसरे, वस्तू घेताना चिठ्ठी द्यावी. तीत तक्रार, अंदाजे खर्च, तारीख, आणि “यापेक्षा खर्च वाढत असेल तर आधी विचारू” एवढे लिहावे.

ही चिठ्ठी कारागिराचेही रक्षण करते. करार कायद्याचे कलम १७० म्हणते की, सोपवलेल्या वस्तूवर ज्याने श्रम वा कौशल्य खर्च केले, त्याला योग्य मोबदला मिळेपर्यंत ती वस्तू अडवून ठेवण्याचा हक्क आहे. कायद्यातच उदाहरण दिले आहे. हिऱ्याला पैलू पाडणारा जवाहिऱ्या मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेऊ शकतो. पण शिंप्याने कोट तयार होताच देण्याचे आणि पैशांसाठी तीन महिने थांबण्याचे कबूल केले असेल, तर त्याला कोट अडवता येत नाही. तेव्हा उधारी कबूल करताना विचार करावा. हा हक्क त्या वस्तूवर त्याच कामापुरता आहे. मागल्या वर्षीच्या बाकीसाठी आजचे यंत्र अडवता येत नाही, आणि अडवलेली वस्तू आपल्या मनाने विकताही येत नाही. बंदूक दुरुस्त करणाऱ्याला तर न नेलेली वस्तू म्हणजे डोक्याला तापच. मधल्या काळात मालकाचा परवाना संपला, तर ती पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्याची कलम २१ ची बाब उभी राहते. म्हणून तयार वस्तू वेळेवर नेणे हेही गिऱ्हाइकाचे कर्तव्य आहे.

तिसरी गोष्ट संघटनेची. एका ओळीतील दुकानदारांनी एकत्र यावे, चिठ्ठीचा एक नमुना करावा, कोणत्या कामाला साधारण किती वेळ लागतो याची यादी करावी, पोरांच्या शिक्षणाची आणि सुट्टीची सोय करावी. मात्र सर्वांनी मिळून एकच भाव बांधू नये. २००२ च्या स्पर्धा कायद्याला तसे चालत नाही, आणि गिऱ्हाइकाच्या दृष्टीनेही ते बरे नाही. वेळेचे माप सर्वांचे एक असावे, दर ज्याचा त्याने लावावा.

गिऱ्हाइकाने काय करावे? तक्रार सांगावी, औषध सांगू नये. “कमान बदला” म्हणण्याऐवजी “बार उडत नाही” म्हणावे. खर्चाचा अंदाज लेखी मागावा. जुना भाग परत मागावा. घासाघीस करायचीच तर काम देण्यापूर्वी करावी, झाल्यावर करू नये. आणि कारागिराने “ही वस्तू दुरुस्तीच्या पलीकडे गेली, पैसे घालू नका” असे प्रामाणिकपणे सांगितले, तर त्या सल्ल्याचे पैसे न मागता द्यावेत. कारण त्या एका वाक्याने त्याने आपले काम गमावलेले असते आणि तुमचे पैसे वाचवलेले असतात.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. मोबाइल, घरगुती उपकरणे, मोटारी आणि शेतीची अवजारे यांचे सुटे भाग व माहिती गिऱ्हाइकाला आणि बाहेरच्या कारागिराला मिळावी हा त्यामागचा हेतू. हेतू उत्तम आहे. पण हक्क बजावायला हात लागतात. भाग मिळाला, माहितीही मिळाली, आणि ती वाचून पेच फिरवणारा माणूसच गावात उरला नाही, तर तो हक्क कागदावर राहील.

लोखंड्यांच्या काळी गिरणीमालक म्हणत की आठवड्याची सुट्टी दिली तर धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही. कारागिराच्या तासाचे दाम दिले तर गिऱ्हाईकही बुडणार नाही. जो समाज आपल्या कारागिराचा वेळ मोजतो, त्याच्या वस्तू टिकतात आणि कारागीरही टिकतो.